तंकम अजून लहान आहे

मस्कत,
१२ फेब्रुवारी १९८९

एट्टा,

तुमचं पत्र काल ड्यूटीवरून आल्यावर हातात पडलं. आंब्याला मोहोर चांगला आलाय, गाय व्यायली, एट्टत्तीची कंबर आता बरी आहे, हे सगळं वाचून बरं वाटलं. मग शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

यंदा तंकमला चार पुरी होतायत, तेव्हा भगवतीच्या वेलेला, जत्रेला, तिला खांद्यावर घेऊन मी दारूकामाच्या अगदी पुढ्यात उभा राहणार, आपल्या घराची रीतच आहे ती, असं तुम्ही लिहिलंय. मला विचारलेलं नाही, नुसतं कळवलंय. तुम्ही तिचे मामा असाल, पण मी तिची आई आहे, जत्रेच्या वर्गणीदारांतली कुणी नव्हे.

एट्टा, नाही. तिला न्यायचं नाही.

मागच्या विषूच्या सणाला मी घरी होते, आठवतं? शेजारच्या पोरांनी अंगणात एक माळ लावली. बोटाएवढे फटाके. तंकम रडलीसुद्धा नाही. नुसती ताठ झाली, ओठ पांढरे पडले, आणि पायाखाली ओलं झालं. संध्याकाळभर मला विचारत होती, "ते परत येईल?" तुम्ही हसलात. म्हणालात, होईल सवय. सवय अशी होत नसते, एट्टा. परवाच आमच्या वॉर्डात पाच वर्षांचं पोर आणलं होतं. लग्नात कुणी हौसेनं बंदुकीचा बार काढला तो त्याच्या कानाशी. पडदा फाटला. त्याचा बाप पण दारात उभा राहून हेच सांगत होता, आमच्यात रीत आहे.

शेजारणीचं मूल दोन वर्षांचं असताना टाळ्या वाजवत बघत असेल, खुशाल बघू दे. आपली तशी नाही. चार वर्षं पुरी झाली म्हणजे पोर तयार झालं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? वय मोजू नका, तिच्या तोंडाकडे बघा.

त्या संध्याकाळी तिला घरात ठेवा. दारं-खिडक्या लावा, कानात कापूस घाला आणि लवकर निजवा. एट्टत्तीला, मामीला, तिच्याजवळ बसू दे. तुमची जत्रा तुम्ही करा.

रुग्मिणी

*

मेलेप्पाडम,
२७ फेब्रुवारी १९८९

रुग्मिणी,

तुझा हुकूम मिळाला. वॉर्डातल्या आयांना असंच फर्मावतेस का? दारं लावा, कापूस घाला, निजवा! मीही तुझा मोठा भाऊ आहे, तुझ्या वॉर्डातली आया नव्हे.

तू नर्सांच्या हॉस्टेलात, तुझा नवरा वाळवंटात तेलाच्या कॅंपात. पोर दहा महिन्यांची असताना आमच्या ओटीत घालून गेलात. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढलाय? आम्हाला मूलबाळ नाही, भगवतीनं हे दिलं, असंच समजलो. पण तिचा ताप उतरेपर्यंत उशाशी कोण बसतं? भाताच्या मुदीत मीठ कमी झालं तर ती ताट लोटते हे कुणाला ठाऊक आहे? दोन वर्षांत एकदा पेटीभर साबण आणि फ्रॉक घेऊन येतेस, आणि पोराच्या तोंडाकडे बघा म्हणून मला शिकवतेस! मी रोज बघतो. तू फोटो बघतेस. दुरून डोंगर साजरे, तसं दुरून आईपण.

मागच्या विषूची तंकम आता राहिलेली नाही. रोज माझ्याबरोबर देवळापर्यंत येते. मांडवाचे बांबू उभे राहतायत ते मोजते. शेतात दारू उडवायच्या उखळी पुरतात त्या खड्ड्यात वाकून बघते. "अम्मामा, यातून काय येतं?" विचारते. मी सांगतो, फूल येतं, आभाळाएवढं. तिचे डोळे असे होतात! भीती तिच्या नाही, तुझ्या पोटात आहे.

आपल्या अच्छननी, वडिलांनी, तुला खांद्यावर घेतलं तेव्हा तू तीनचीही नव्हतीस. आपल्या पूर्ववाडीच्या दारूकामाला पहिली बत्ती आपल्याच घरच्या माणसाच्या हातून लागते. पश्चिमवाडीचे लोक टपून बसलेत, अच्युतन नायरच्या घरात काय उणं सापडतंय म्हणून. त्या घरची पोर कानात बोळे घालून कोठीत बसली, तर ते पुढची दहा वर्षं तेच चघळतील.

मी तिला नेणार. या विषयावर परत लिहू नकोस.

अच्युतन

*

मस्कत,
१४ मार्च १९८९

एट्टा,

परत लिहितेय.

पश्चिमवाडीचे लोक काय चघळतील म्हणून माझ्या पोरीनं बारूदापुढं उभं राहायचं? खड्डा बघून डोळे मोठे होतात म्हणे. रिकामा खड्डा बघून कुणाचेही होतील. विहिरीत वाकून बघणाऱ्या पोराला कुणी विहिरीत ढकलत नाही.

अच्छननी मला खांद्यावर घेतलं ते मला आठवतं. तुम्हाला वाटतं मला फुलं आठवतात. मला त्यांची टाळू आठवते. मी तिच्यावर तोंड दाबून होते, खाली उतरवा म्हणून ओरडत होते, आणि त्या आवाजात त्यांना ऐकूच येत नव्हतं. घरी येऊन ते सगळ्यांना सांगत होते, "पोरगी जरासुद्धा भ्याली नाही." तेव्हापासून मी न भिणारी पोरगी. खरं काय ते मला कधी कुणी विचारलंच नाही.

आईपणाचं जे लिहिलंत ते मी चारदा वाचलं. उत्तर देत नाही. देईन तेव्हा समोर उभी राहून देईन.

आता नीट वाचा. प्रभाकरनच्या ताई, माझ्या नणंद, षोरनूरला असतात. त्यांना दोन मुली आहेत, घर मोठं आहे, तंकमला ठेवून घ्यायला त्या केव्हाच्या तयार आहेत. वेलेला तुम्ही तिला शेतात नेलंत असं मला कळलं, तर जूनमध्ये शाळा सुरू होताना ती षोरनूरच्या शाळेत जाईल. मेलेप्पाडमला परत येणार नाही. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. एक रात्र थांबून, सकाळी उठून लिहिलंय.

रुग्मिणी

*

मेलेप्पाडम,
१० एप्रिल १९८९

रुग्मिणी,

वेला पार पडली. भगवतीची कृपा. यंदा गर्दी फार होती. पूर्ववाडीचं दारूकाम उत्तम झालं. पश्चिमवाडीची शेवटची फैर मध्येच अडली, त्यामुळे त्यांची तोंडं उतरली आहेत.

तंकम बरी आहे. थोडी सर्दी झाली होती. दरवेळी पत्राच्या कोपऱ्यात ती रेघोट्या मारते, पण आज निजली आहे, म्हणून कोपरा कोरा.

आंबे या वर्षी पुष्कळ. एट्टत्ती लोणच्याच्या तयारीत आहे. कुणी येणारं असेल तर बरणी पाठवीन. प्रभाकरनला आठवण सांग.

अच्युतन

*

मस्कत,
३ मे १९८९

एट्टा,

सर्दी!

एलिक्कुट्टी कालच सुट्टीवरून परतली. आमच्याच मजल्यावर राहते, तिची आई तुमच्या पलीकडच्या गावात. तिनं पेटीसुद्धा उघडली नाही, आधी माझ्या खोलीत आली. मला म्हणते, "तुझी पोरगी कशी आहे गं आता?" मी म्हटलं, सर्दी झाली होती, बरी आहे. ती उठून जायला निघाली. मग तिच्या तोंडून एकेक शब्द मी ओढून काढला.

तिच्या आईनं डोळ्यांनी पाहिलं, पश्चिमवाडीची फैर सुरू असताना अच्युतन नायर शेताच्या मधून पोरीला काखेत मारून धावत बाहेर येत होते. पोरीचा तळहात भाजला होता. त्यानंतर पोरगी बोलत नाही, म्हणे. कान धरून बसते. सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. न भिणाऱ्या घरातली न भिणारी पोर! तेवढी एका तिच्या आईला, मला, सर्दी कळवली.

पुढ्यातसुद्धा नाही, शेताच्या मधोमध नेलंत? पश्चिमवाडीला काय दाखवायचं होतं? की हिला बोळे लागत नाहीत? लागले आता बोळे?

तुमची लाज वाटते, एट्टा. हे लिहिलेलं मी खोडणार नाही. एट्टत्तीलाही सांगा, तिच्या भरवशावर मी होते.

मी ताईंना षोरनूरला तार केली आहे. महिनाअखेर त्या येऊन तंकमला नेतील. तिचे कपडे, रबरी बाहुली आणि औषधांच्या चिठ्ठ्या बांधून ठेवा. दारात अडवायला उभे राहू नका.

रुग्मिणी

*

मेलेप्पाडम,
१५ मे १९८९

रुग्मिणी,

मी दाक्षायणी, तुझी एट्टत्ती. मी कधी तुला स्वतः होऊन पत्र लिहिलं नाही. तुझे एट्टन लिहितात, मी खाली नमस्कार घालते. आज ते तुझं पत्र वाचून गोठ्यात जाऊन बसलेत. मी ते पत्र उचलून वाचलं आणि आता कुणालाही न विचारता लिहितेय.

त्यांनी तिला नेलं नाही. ऐकलंस? नेलं नाही.

तुझं दुसरं पत्र ते दोन दिवस खिशात घेऊन फिरले. मग वेलेच्या दिवशी मुंडू नेसून, कपाळाला चंदन लावून निघाले. तंकम पायात चपला घालून दारात तयार. तिला म्हणाले, "तुझ्या अम्मानं नाही म्हटलंय. तू घरी." पोरगी हात धरून लोंबकळली. त्यांनी बोटं सोडवली आणि मागे न बघता गेले. तुझं ऐकलं त्यांनी, रुग्मिणी. तू लिहिलंस तसंच्या तसं मी केलं. दारं लावली, खिडक्या लावल्या, कापूस घातला, निजवलं.

अंधार पडायच्या सुमारास सुरू झालं. तू इतक्या वर्षांत विसरली असशील, घर कसं हलतं ते. कौलं थडथड करतात, फळीवरची भांडी नाचतात. बाहेर असलं की निदान आभाळात फूल दिसतं. बंद घरात काही दिसत नाही, नुसतं कुणीतरी घरावर आपटतंय असं वाटतं. ती उठून बसली. "हे काय आहे?" मी म्हटलं, काही नाही, झोप. "अम्मामा कुठे आहे?" मी म्हटलं, तिकडे आहे. "जिथे आपटतंय तिथे?" मी हो म्हटलं.

तेवढ्यात गाईनं दावं तोडलं. वासरू लहान आहे, म्हणून मी मागच्या दारानं धावले. परत आले तर अंथरूण रिकामं. ती अम्मामाला आणायला गेली होती, रुग्मिणी. तिच्या अम्मामावर ते आपटतंय, म्हणून.

परकर नेसलेली, कानात कापूस घातलेली पोर कापलेल्या शेतातून सरळ आवाजाच्या दिशेनं चालत होती. कुठल्यातरी जळक्या नळकांड्यावर पडली, तिथे हात भाजला. ह्यांना ती लांबून दिसली. पश्चिमवाडीच्या फैरीला बत्ती लागत होती. ह्यांनी दोर ओलांडला आणि "थांबवा, थांबवा" ओरडत मधून पळाले. अर्धी फैर सुटली, अर्धी लोकांनी पायांनी विझवली. पश्चिमवाडीची फैर अडली ती अशी. आता ते म्हणतात, अच्युतन नायरनं मुद्दाम पोर सोडून आमची वेला बाटवली. रस्त्यानं जाताना मागून काय काय बोलतात, ते मी कागदावर लिहिणार नाही.

आठवडाभर पोर बोलली नाही हे खरं. आता थोडं बोलते. हात भरून आलाय.

तुझं हे पत्र आल्यावर मी ह्यांना म्हटलं, रुग्मिणीला खरं काय ते कळवा. म्हणाले, "काय कळवू? तुझ्या सांगण्यावरून घरात ठेवली म्हणून असं झालं, हे तिला तिकडे एकटीला वाचायला लावू? त्यापेक्षा मीच नेली असं समजू दे." आणि पोर नेशील याचीही भीती, म्हणून आधी सर्दी लिहिली. दोन्ही पोटात ठेवून बसले.

मला तुम्हा दोघांचाही राग आला आहे. बांधावरून भांडावं तसे तुम्ही भाऊ-बहीण भांडलात. नेणार, नाही नेणार. ते काय असतं, कसं वाजतं, किती वेळ चालतं, कुठे थांबतं, हे त्या पोरीला जवळ घेऊन एकानंही सांगितलं नाही. मीही नाही. काही नाही, झोप, म्हटलं. एवढं मोठं काही असताना काही नाही म्हटलं, तर पोर आपल्यावर का विश्वास ठेवील?

तुझ्या नणंदेला पाठवायचं तर पाठव. मी अडवणार नाही. पण पोरीचे कपडे मी बांधणार नाही. ते तू ये आणि बांध.

दाक्षायणी

*

मस्कत,
२ जून १९८९

एट्टा,

एट्टत्तीचं पत्र मिळालं. ताईंना येऊ नका म्हणून लगेच तार केली.

माफी मागायला हवी, कळतं. मागते. लाजेचं जे लिहिलं ते परत घेते. पण माझा राग गेलाय असं समजू नका. तो फक्त जागा बदलून बसलाय.

मला कशापासून वाचवत होतात? रोज कुणाच्या ना कुणाच्या आईला मी व्हरांड्यात नेऊन बसवते आणि जे सांगायचं ते सांगते. त्या ऐकतात. कोसळतात, उठतात, पोराजवळ जाऊन बसतात. मला तेवढंही करू दिलं नाहीत. तुम्ही ठरवलंत की बाई तिकडे एकटी आहे, तिला झेपणार नाही. मी तंकमबद्दल जे ठरवलं तेच. दारं लावा, कापूस घाला, काही नाही, झोप! तुमच्यात आणि माझ्यात फरक राहिला नाही, याचाच जास्त राग येतो.

आता ऐका, म्हणजे वाचा. तिला पालक्काडला कानाच्या डॉक्टरकडे न्या. पाठमोरी बसवून हळू हाक मारा, वळते का बघा. रात्री दचकते का? पाण्याच्या पंपाचा, मिक्सरचा आवाज सहन होतो का? सगळं लिहा. चांगलं तेवढंच नको, सगळं.

ओणमला मी येते आहे. सुट्टीचा अर्ज दिला आहे. तिला सांगा.

रुग्मिणी

*

मेलेप्पाडम,
२० जुलै १९८९

रुग्मिणी,

डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले. शाबूत आहेत. रात्री दचकते, पण आधीपेक्षा कमी. जोराचा पाऊस कौलांवर आला की माझ्या कुशीत येऊन पडते, वीज चमकली की माझं मनगट घट्ट धरते. पंपाचं काही वाटत नाही. मिक्सर आपल्या घरी नाही. झालं सगळं?

आता माझं वाच. तू वॉर्डातल्या बायांना सांगतेस, त्या परक्या असतात. तुला मी कडेवर खेळवलंय. तुला सांगायला माझा हात उठला नाही, यात माझा अपराध असेल तर असू दे. परत वेळ आली तरी मी बहुधा तसंच करीन. भांड.

एक गोष्ट सांगतो. पावसाला उघडीप होती त्या दिवशी सकाळी मी तिला शेतात घेऊन गेलो. आधी म्हणाली, नको. बांधावर बसलो. मी एकटाच उतरून ती जागा दाखवली, इथे उखळी होत्या, इथे मी होतो, इथे तू पडलीस. हळूहळू आली. खड्ड्यात पाणी साचलं होतं, बेडूक होता. तिनं विचारलं, "ते तुम्हाला लागलं नाही?" मी म्हटलं, मला लागत नव्हतंच, ते वर आभाळात जात होतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मग मला का नाही सांगितलं?"

 पन्नाशी उलटलेला माणूस, बांधावर मान खाली घालून बसलो.

मग वेलेच्या मंडळाची बैठक झाली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी दोर मागे घ्या, शेताला कुंपण घाला, आणि लहान पोरं असलेल्या घरांसाठी शाळेच्या मैदानात वेगळी जागा ठेवा. अध्यक्ष कुट्टिकृष्णन सगळ्यांसमोर म्हणाला, "नायरांच्या भाचीनं कान झाकले म्हणून भगवतीनं आवाज कमी करायचा का?" सगळे खो खो हसले. आपल्या वाडीचेसुद्धा. मी म्हटलं, भगवती बहिरी नाही, बहिरे तुम्ही. तुमच्यापैकी किती जणांची पोरं तिथे आईच्या पदरात तोंड खुपसून असतात ते एकदा मागे वळून बघा. बघणार कसे, तुमच्या माना वर! पहिल्या बत्तीचा मान तुमचा तुम्हीच ठेवा, असं सांगून उठलो. तीन पिढ्यांचा मान. घरी येईपर्यंत अंगाची आग होत होती.

तंकमला सांगितलंय, ओणमला अम्मा येणार. अंगणात फुलांची रांगोळी कुठे घालायची ती जागा तिनं आत्ताच खडूनं आखून ठेवली आहे.

अच्युतन

*

मस्कत,
२५ जानेवारी १९९०

एट्टा,

ओणमला जमलं नाही आणि नाताळातही नाही, याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचलं. वॉर्डात माणसं कमी आहेत, सुट्टी मिळत नाही. किती वेळा लिहू? तुम्हाला वाटतं मी इथे खजुराच्या सावलीत बसून असते.

तंकमच्या रेघोट्या मिळाल्या. ती चार पायांची बाई कोण? मी आहे असं एट्टत्तीनं खाली लिहिलंय. माझं तोंड तिला आठवत नसणार. फोटोतलं आठवत असेल. मागच्या खेपेला पहिले चार दिवस ती माझ्या हातून भात खायला तयार नव्हती, हे तुमच्या लक्षात असेल. माझ्या आहे.

वेला जवळ आली. यंदा मी काही सांगत नाही, न्या किंवा नेऊ नका. फक्त तिला विचारा. तिच्या मनाविरुद्ध नेलंत तर गाठ माझ्याशी, आणि तिच्या मनाविरुद्ध कोंडलंत तरीही. गर्दीत नको. कापूस खिशात असू द्या. रिकाम्या पोटी नेऊ नका. आणि तिनं पुरे म्हटलं की त्या क्षणी परत फिरायचं, मग आभाळात साक्षात भगवती उतरलेली असली तरी.

म्हणजे सांगितलंच सगळं. असो.

रुग्मिणी

*

मेलेप्पाडम,
८ एप्रिल १९९०

रुग्मिणी,

विचारलं तिला. म्हणाली, "बघायचं आहे. पण कुठून ते मी सांगणार."

उन्हं उतरल्यावर भात खाऊन आम्ही तिघं निघालो. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला सगळं गाव लोटलं होतं आणि आम्ही उलटे चाललो होतो. शाळेपाशी थांबलो. तिनं मागे वळून मांडवाकडे पाहिलं. "इथे नाही." रेशनच्या दुकानापाशी थांबलो. "इथे नाही, अजून मोठं दिसतंय." समोरून येणारा प्रत्येक जण टोमणा मारून जात होता. "नायर, वाट चुकलात का?" "वेला तिकडे आहे हो, बारूदाचा वास विसरलात?" कुट्टिकृष्णन जीपमधून चालला होता, त्यानं मुद्दाम गाडी थांबवून तंकमला विचारलं, "काय गं, अम्मामाला भीती वाटते का?" तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमची गाडी आमच्या वाटेत आहे." तुझीच पोर! दाक्षायणी पदर तोंडावर धरून हसली. मला मात्र हसू आलं नाही. त्याची मानगूट धरावीशी वाटत होती. एका हातात पोरीचा हात होता म्हणून तो वाचला.

पार कालव्यापर्यंत गेलो तेव्हा ती म्हणाली, "इथे." बांधावर चटई टाकून बसलो. तिनं कापूस आपल्या हातानं घातला, मग एका कानातला काढला. पहिलं फूल उमललं आणि बऱ्याच वेळानं, लांबून, धप्प आवाज आला. तिनं माझा गुडघा धरला, पण नजर काढली नाही. दोन-चार झाल्यावर म्हणाली, "आधी दिसतं. मग येतं. म्हणजे कळतं, की येणार आहे." मग दुसऱ्याही कानातला काढला आणि प्रत्येक उजेडानंतर हात वर करून थांबायची, आवाज आला की हात खाली. जणू तीच वाजवतेय.

आणि मग, अगदी शेवटची मोठी फैर सुरू व्हायची होती, सगळं आभाळ पेटतं ती, त्याच्या आधी ती उठली. "पुरे."

माझ्या जन्मात मी त्या फैरीकडे पाठ केलेली नाही. एवढंच राहिलंय, दोन मिनिटं थांब, हे शब्द ओठांवर आले होते. राग आला तिचा, तुझा, सगळ्यांचा. गिळला. चटई गुंडाळली आणि चालू लागलो. मागे आभाळ फुटलं. आमच्या तिघांच्या सावल्या पुढच्या रस्त्यावर उड्या मारत होत्या. ती आपल्या सावलीकडे बघत चालली होती. मी मागे पाहिलं नाही. दाक्षायणीला विचार.

आता तुझ्याबद्दल. एलिक्कुट्टीची आई बाजारात भेटली. सांगत होती, तुझी सुट्टी दोनदा मंजूर झाली आणि दोन्ही वेळा तूच ती पुढे ढकललीस. वॉर्डात माणसं कमी म्हणे! मला खोटं लिहिलंस. मी लिहिली ती सर्दी आणि हे तुझं, काय फरक? या पत्रात मी तुला सोलून काढणार होतो. तसा कागदही घेतला होता.

पण घरी येताना वाटेत तंकमनं विचारलं, "अम्मा का येत नाही?" मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, "तिला भीती वाटते का?" मी म्हटलं, कशाची? "ते मला नाही माहीत."  घराचा दिवा दिसायला लागला तेव्हा म्हणाली, "अम्मामा, तिला लिहा, एकदम घरी यायला नको. आधी कालव्यापर्यंत ये म्हणावं. मी तिकडे येऊन उभी राहीन. तिला पुरे वाटलं, तर पुरे म्हणायचं."

तिनं सांगितलं तसं लिहिलं. माझा राग मी वेगळा ठेवलाय, तू आल्यावर काढीन.

अच्युतन